बिनवासाचं दगडफूल

आज सकाळी समोरच्या घरातून मसाला भाजल्याचा वास आला आणि मी हातातला चहा तसाच ठेवून दारात जाऊन उभी राहिले. धणे होते, खोबरं होतं, तीळ होते, लवंग होती. दगडफूल काही सापडेना. न राहवून शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, "टाकलंय हो ताई, चांगलं मूठभर टाकलंय. पुडीवर लिहिलेलंच आहे दगडफूल म्हणून." मी मान हलवली आणि घरात आले. पुडीवर काय, काहीही लिहिता येतं.

स्वभावच आहे माझा. भाजीवाल्यानं मेथी ताजी आहे म्हटलं की मी आधी देठ मोडून बघते. कुणी विनाकारण गोड बोललं की त्या रात्री मला झोप लागत नाही. माझी माय म्हणायची, "हे पोट्टी आपल्या सावलीलेही विचारीन, तू माहीच कायवरून?" लोक हसायचे, मीही हसायची. या स्वभावानं मला पुष्कळदा वाचवलं. एकदाच तो महाग पडला, आणि तो मला नाही पडला, दुसऱ्यालाच पडला. एप्रिल आला आणि कुठं मसाला भाजला की ते सगळं पुन्हा नाकाशी येतं.

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरचा एप्रिल म्हणजे परीक्षा आणि मसाला. ऐंशीच्या दशकातला एप्रिल म्हणते मी. मृगबहाराची शेवटची संत्री पेट्यांत भरून नागपूरला गेलेली. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून आणायच्या, त्यांच्या मोळ्या भिंतीला उभ्या. अंगणात खाटेवर मिरच्या वाळत घातलेल्या, आणि त्याच खाटेच्या सावलीत बसून मी बोर्डाच्या परीक्षेची पुस्तकं वाचायची. घरात मराठी, शाळेत हिंदी. त्यामुळे माझ्या डोक्यात दगडफूल एका कप्प्यात होतं आणि 'लाइकेन' दुसऱ्या, खरं तर जात एकच. मध्ये भिंत होती, आणि त्या भिंतीला दार नव्हतं. असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

वच्छला वहिनी आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. तिचा नवरा सुखदेव भाऊ, मूळ रामाकोना गावचा, कामानं आचारी. लग्न असो, तेरवी असो, जयंतीची पंगत असो, सौंसरात मोठी कढई चढली की तिच्यामागं घामानं निथळणारा सुखदेव भाऊ दिसायचाच. भाजीला हात त्याचा, पण मसाला वहिनीचा. सगळ्या गल्लीचा मसाला तीच भाजून द्यायची. तिचं नाक असं की पदार्थ जळायच्या आधी तिला कळायचं, आता जळेल. कुणाकडच्या पुडीत भेसळ असली तर ती काही बोलायची नाही, पुडी नुसती बाजूला सरकवायची. मूलबाळ नव्हतं त्यांना. दोघंच होती, आणि एकमेकांशी इतकं बोलायची की भिंतीपलीकडून मला अभ्यास करता यायचा नाही.

मग कुणा ओळखीच्या माणसाच्या मागं लागून सुखदेव भाऊ मुंबईला गेला आणि जहाजावर भंडारी झाला. भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, हे आम्हाला मागाहून कळलं. भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. पहिले सहा महिने लोक कौतुकानं विचारायचे. नंतर वेगळ्या आवाजात विचारू लागले. रोडवेजच्या एका कंडक्टरनं छातीठोक सांगितलं, "तुमच्या सुखदेवले मी नागपूरच्या स्टँडवर पाह्यलं. तर्री-पोहे खाऊन राह्यला होता. संगं बाई होती." बाई कशी होती, साडी कोणती होती, तेही त्यानं सांगितलं. तर्री-पोह्यांमुळे सगळ्यांना ते खरं वाटलं. मलाही वाटलं.

माझ्या बोर्डाच्या वर्षी फेब्रुवारीत त्याचं जाड पाकीट आलं. वहिनी तिसरीपर्यंत शिकलेली, त्याचं अक्षर बारीक, म्हणून वाचायचं काम माझ्याकडं. मी पाकीट आधी उलटंसुलटं करून पाहिलं. तिकीट आपल्याकडचं, शिक्का मुंबईचा. आत चिठ्ठीवर तारीख नाही. चिठ्ठी एका खलाशाच्या हाती देतो, फेरी संपून तो घरी परतला की, काही महिन्यांनी का होईना, मुंबईहून टाकेल, असं वरच लिहिलं होतं. मी मनात म्हटलं, असं तर कुणीही लिहील. पुढचं वाचू लागले. ते अजून मला जवळजवळ पाठ आहे:

"वच्छला, आमचं जहाज रशियाच्या पार डोक्यावर लागलं आहे. इथं उन्हाळ्यात सूर्य बुडतच नाही. मध्यरात्री कांदा कापायला दिवा लागत नाही. काल बंदरामागच्या टेकडीवर गेलो. आमचा म्हातारा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणाला, हे जंगल आहे. मी म्हटलं, कुठं? तो म्हणाला, पायाखाली पाहा. माझ्या बोटाच्या दोन पेरांएवढं झाड, वच्छला, पण झाड. खोड आहे, फांद्या आहेत, गोल गोल पानं आहेत. वाऱ्याला भिऊन जमिनीवर निजलेलं. सारंग म्हणे, हे तुझ्या वयाचं असेल. मी त्याच्यावरच उभा होतो. मग पाय उचलला. पाणथळीत कापूस फुटलेला, पांढराफक, कुणी पेरला नाही अन् कुणी वेचत नाही. संत्र्याच्या रंगाची बारकी फळं जमिनीला टेकलेली. अन् दगडावर तर आपलं दगडफूल! तुला चिमूटभर पाठवतो. इतक्या दूर आपल्या मसाल्यातली वस्तू पाहून मला रडू आलं."

पाकिटातून वर्तमानपत्राची घडी निघाली, त्यात ते होतं. कुरळं, करडं-पिवळट, चुरचुरीत. वहिनीनं ते तळहातावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं वाऱ्यापासून झाकलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता की भीती, मला ओळखता आलं नाही. मला तर त्या चिठ्ठीत खरं वाटावं असं एक वाक्य सापडलं नव्हतं.

चार दिवसांनी वहिनीचा भाऊ गणपत आला. तो जाम नदीपलीकडच्या सावरगावचा, पांढुर्ण्याच्या बाजारातून येता येता बहिणीकडं डोकावायचा. कपाळावर गोटमारीतली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून होणाऱ्या दगडफेकीतली, खूण होती, आणि ती तो टोपी मागं सारून सगळ्यांना दाखवायचा. चिठ्ठी ऐकून तो आधी हसला.

"बरफात कापूस? मंग आपण कायले कपाशी डवरून मरून राह्यलो? अन् आमच्या इकडं दगड डोक्यात बसते, तिकडं दगडाले फुलं येते म्हणे!"

मग त्याचं हसू गेलं. "वच्छे, तो तुले भैताड बनवून राह्यला. चाल माह्या संगं. घर बंद कर, भांडे बांध."

"त्यायले येऊ तं दे. विचारू तं दे," वहिनी म्हणाली.

"चिठ्ठीतच विचार. गल्लीचा मसाला होऊन जाऊ दे, मंग मी बैलबंडी घेऊन येतो. तवापर्यंत त्याचं खरं आलं तं ठीक. नाई तं तू माह्या घरी, अन् हा संसार संपला असं समज."

तो गेल्यावर वहिनी भिंतीवरून वाकली. हातात तीच घडी. "तू झाडापाल्याचं शिकून राह्यली नं? त्या मोठ्या फाइलीत पानं चिटकवतं. हे कुठलं आहे ते पाहून सांग. तू म्हणशीन ते मी धरीन."

तू म्हणशीन ते मी धरीन. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला असं कुणी म्हणू नये. माझी छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी हर्बेरियमच्या फाइलीत घालून मी ते शाळेत नेलं. बायोलॉजीचे सर भले माणूस होते, प्रॅक्टिकलच्या गडबडीत होते. त्यांनी घडी उघडली, बोटानं उलटवलं आणि म्हणाले, "अरे, यह तो पत्थरफूल है. मसाले वाला. किराने की किसी भी दुकान में मिल जाएगा. इसे हर्बेरियम में लगाएगी क्या?" वर्ग हसला. मला लाज वाटली, आणि लाजेच्या मागून आनंद झाला. खरंच सांगते, आनंद झाला. माझा संशय बरोबर निघाला होता ना!

घरी येऊन मी मायच्या डब्यातलं दगडफूल काढलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. आमचं खालून काळंभोर होतं, त्याचं नव्हतं. त्याच्या कडा जास्त कुरळ्या होत्या, रंग फिका होता. हे सगळं मी पाहिलं. पाहून काय ठरवलं? जुना माल असेल. संशयी माणूस जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेतो, आपल्या संशयावर तेवढा घेत नाही. मी वहिनीला सांगून आले, "वहिनी, हे किराण्यातलं आहे. सरांनीही सांगितलं."

तिनं घडी पदराच्या गाठीत बांधली. दोन दिवसांनी मला म्हणाली, "लिही."

चिठ्ठी तिनं सांगितली आणि मी लिहिली. तब्येतीला जपा. माझं बरं आहे. गणपत घ्यायला येऊन राहिला आहे. लोक काही काही बोलतात. खरं काय असेल ते एकदा लिहा, मी ऐकून घेईन. एवढंच. तिचं सगळं बोलणं पाच-सात ओळींत संपलं. मला ते फार मिळमिळीत वाटलं. फसवणाऱ्या माणसाला असं लिहितात होय? खाली जागा उरली होती. तिथं मी माझ्या मनानं दोन वाक्यं घातली: 'किराण्यातलं दगडफूल पाठवून फसवू नका. तुम्ही मुंबईतच आहात, हे आम्हाला कळलं आहे.' वहिनीला वाचून दाखवताना ती दोन वाक्यं मी गाळली. पाकिटावर कंपनीच्या कचेरीचा पत्ता घातला, तोही मुंबईचाच, आणि स्वतःच्या हातानं पेटीत टाकून आले.

मग परीक्षा. अंगणात मिरच्यांचा खकाणा, डोळ्यांत पाणी, आणि मी मोठ्यानं पाठ करते आहे, "लाइकेन में कवक और शैवाल साथ-साथ रहते हैं. दोनों एक-दूसरे के बिना नहीं जी सकते."

वहिनी पलीकडं धणे निवडत होती. तिनं विचारलं, "कोण दोघं वं?"

"कवक अन् शैवाल. परीक्षेचं आहे वहिनी."

"असं होय," म्हणाली आणि पुन्हा धण्यांकडं वळली.

आणि पेपरात प्रश्न आलाच की! टुंड्रा प्रदेशातल्या वनस्पतींवर टीप लिहा. मी पाच मुद्दे लिहिले. लाइकेन, मॉस, दलदलीतलं कापसासारखं गवत, बौने म्हणजे बुटके वृक्ष, अल्पकाळ फुलणारी फुलं. सुखदेव भाऊच्या चिठ्ठीतली ओळ न् ओळ मी स्वच्छ हिंदीत उत्तरपत्रिकेवर उतरवली, खाली रेघ मारली, आणि घरी येऊन वरणभात जेवले. काहीही आठवलं नाही. एवढी हुशार होते मी.

आमच्या घरचा मसाला भाजायचा दिवस मात्र विसरता येत नाही. दुपार होती. अंगणात तीन दगडांची चूल, पऱ्हाट्यांचा जाळ, वर लोखंडी कढई. मायनं सामान मांडून दिलं होतं. वहिनीनं एकेक करून भाजून काढलं. धणे, तीळ, खोबरं, शेवटी थोडं तेल. कोरड्या दगडफुलाला वास असा नसतोच, असला तर धुळीसारखा. तेलात पडलं की मग ते बोलतं. वहिनीनं मूठ सोडली आणि तो वास उठला, गडद, धुराचा, ओल्या झाडाच्या सालीचा, सगळ्या मसाल्याला धरून ठेवणारा. माय म्हणाली, "हां, आता आला मसाला." वहिनीनं ते काढून परातीत टाकलं.

मग तिनं पदराच्या गाठीतून वर्तमानपत्राची घडी काढली. मी पुस्तकातून मान वर केली. तिनं कढई फडक्यानं पुसली, नवं तेल घातलं, तापू दिलं, आणि सुखदेव भाऊच्या दगडफुलातलं अर्धं त्यात टाकलं.

ते तडतडलं. कडा तांबूस झाल्या. वहिनी वाकली, नाक अगदी वाफेत नेलं. थांबली. पुन्हा हुंगलं. मग मला बोलावलं, "ये वं, घे वास."

मी घेतला. वाळलेलं गवत जळाल्यासारखा वास होता. बाकी काही नाही.

"जुनं असेल," मी म्हटलं.

"जुनं झालं तरी दगडफूल आपला वास सोडत नाई. दहा वर्षाचं भाजलं आहे मी." तिनं कढई खाली उतरवली. "हे आपल्याकडचं नोहे. कोणत्याच दुकानातलं नोहे. त्यायले दिसायले सारखं दिसलं, म्हणून त्यायनं पाठवलं. भाजून पाह्यलं नसंन." मग एकदम माझ्याकडं पाहून, "चिठ्ठी गेली का वं?"

"गेली."

"कवा?"

"सव्वा महिना झाला."

ती खाली बसली. मला वाटलं, आता सांगून टाकावं, त्या दोन वाक्यांचं. तोंड उघडलं होतं मी. पण परातीतल्या मसाल्याकडं पाहत बसले आणि तोंड मिटलं. त्याच संध्याकाळी तिनं दुसरी चिठ्ठी लिहून घेतली. "आधीची चिठ्ठी आली तर वाचू नका, फाडून टाका. तुमचं सगळं खरं आहे. झाडावरून पाय उचलला ते लई चांगलं केलं." यात मी माझं काही घातलं नाही, आणि त्या वेळी घालायला पाहिजे होतं ते, आधीची दोन वाक्यं माझी होती हे, नेमकं घातलं नाही.

गणपत ठरल्याप्रमाणे बंडी घेऊन आला. वहिनी दारात उभी. "मी येत नाई."

"काहून? त्याचं उत्तर आलं?"

"नाई."

"मंग?"

"वास नाई आला," वहिनी म्हणाली.

गणपतनं मायकडं पाहिलं, मायनं माझ्याकडं. बिचारा रिकामी बंडी घेऊन परत गेला. पुढं किती दिवस तो सांगायचा, बहिणीच्या डोक्यावर मसाल्याच्या धुराचा परिणाम झाला म्हणून.

सुखदेव भाऊ त्याच वर्षी थंडीत परत आला. वाळलेला, केस पांढरे झालेले. वहिनीला लोकरीची शाल आणली होती. मला पेन आणलं होतं. "तुह्यासाठी. तुहं अक्षर चांगलं आहे," एवढंच म्हणाला. त्या पेनाकडं मी आजही संशयानं पाहते. तो टोचून बोलला की मनापासून, ते मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

लोक गोळा झाले. कुठं कुठं फिरला, काय काय पाहिलं? तो म्हणायचा, "बंदरं सारे सारखेच." बर्फाचं विचारलं की, "थंडी होती." झाडांचं कुणी विचारलं नाही. वहिनीनं विचारलं असेल, कारण भिंतीपलीकडून एकदा तिचा आवाज ऐकला मी, "सांगा नं हो. त्या लहान झाडाचं सांगा नं." आणि मग नुसता भांड्यांचा आवाज. पुन्हा तो आचारी झाला, पुन्हा पंगती सुरू झाल्या, दोघं नीट राहिली. पण पूर्वीचं ते अखंड बोलणं काही परत आलं नाही. मला आता शांततेत अभ्यास करता येत होता.

दोन वर्षांनी मी नागपूरला बी.एस्सी. करत होते. लायब्ररीत एक जाड पुस्तक उघडलं आणि समोर रंगीत पान. दगडावर करडं-पिवळट, कुरळं. शेजारच्या पानावर जमिनीला चिकटलेला विलो वृक्ष, पूर्ण वाढलेला, गोल पानांचा, बाजूला मापासाठी आगपेटी ठेवलेली. झाड आगपेटीपेक्षा बुटकं. त्याखाली पाणथळीतलं पांढरं बोंड. दोन कप्प्यांमधली भिंत त्या दिवशी पडली, पण फार उशिरा पडली. पुस्तक घरी न्यायची परवानगी मिळवली आणि शनिवारी सौंसरची बस धरली.

सुखदेव भाऊ एका लग्नाच्या मांडवामागं होता. तीन कढया चढलेल्या. मी धापा टाकत जाऊन पुस्तक उघडून त्याच्यासमोर धरलं. "भाऊ, हेच ना? तुम्ही लिहिलं होतं ते हेच ना?"

त्यानं पंच्याला हात पुसले. पुस्तक घेतलं नाही, नुसता वाकला. पाहत राहिला. त्याचा अंगठा हळूच तर्जनीवर चढत गेला आणि दुसऱ्या पेरावर जाऊन थांबला. तो मोजत होता. त्याला स्वतःला ते कळलंही नसावं.

"भाऊ, सांगा ना मला. सगळं खरं होतं ना? मला ऐकायचं आहे."

तो सरळ झाला. "मी काय सांगू बाई? मी तं मुंबईतच होतो."

"भाऊ..."

"लिहून होतं नं चिठ्ठीत, कळलं आहे म्हणून." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "वच्छला असं नाई बोलत. मले तवाच समजलं होतं."

मग तो कढईकडं वळला, तेल तापलं का पाहिलं. मसाल्याच्या ताटातून दगडफुलाची मूठ उचलली. तेलात सोडायच्या आधी क्षणभर थांबला, आणि ती मूठ माझ्यासमोर उघडून धरली.

"घे, पाहून घे," तो म्हणाला. "असली हाये का नाई."